शेवटच्या धड्यानंतर

भाचीची बारावी होती. सीबीएसई बोर्ड, इंग्रजीचा पेपर दोन दिवसांवर. "मावशी, एक धडा विचारून घे ना," म्हणत तिने ‘फ्लेमिंगो’ माझ्या हातात दिलं. पुस्तकातला पहिलाच धडा होता आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाचा ‘द लास्ट लेसन’. तुमच्यापैकी अनेकांनी तो वाचला असेल. अल्सास नावाच्या प्रांतातलं एक गाव. फ्रान्स युद्ध हरलाय. बर्लिनहून हुकूम आलाय की उद्यापासून शाळेत फक्त जर्मन शिकवायचं. आज फ्रेंचचा शेवटचा तास. अभ्यासाचा कंटाळा असलेला फ्रान्झ उशिरा वर्गात पोचतो तर मास्तर ठेवणीतले कपडे घालून आलेले, मागच्या बाकांवर गावातली म्हातारी माणसं बसलेली. तास संपताना मास्तरांना बोलवत नाही, ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत देशाचा जयजयकार लिहितात आणि मुलांना हातानेच निघायला सांगतात.

भाचीची उत्तरं चोख पाठ होती. भाषेवरचं प्रेम, जेत्यांची जबरदस्ती, वेळ निघून गेल्यावर कळलेली किंमत. सगळं म्हणून झाल्यावर तिने सहज विचारलं, "पण दुसऱ्या दिवशी काय झालं गं? तो नवीन जर्मनचा सर आला, मग?"

मला सांगता येईना. खरं म्हणजे यायला हवं होतं. मी अकरावी-बारावीला दोन वर्षं जर्मन शिकले होते. मराठी सोडून जर्मन का घेतलं, याचं कारण आमच्या कॉलेजात सगळ्यांचं एकच होतं: स्कोअरिंग. मला चांगले मार्क पडले. त्या दोन वर्षांत मी एकाही जर्मन माणसाशी एक वाक्य बोलले नाही आणि त्यानंतरही बरीच वर्षं बोलले नाही.

तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी बसले. ते दीडशे वर्षं लांब निघालं.

*

आधी कथेतच दडलेली एक गंमत. मुलाचं नाव आहे फ्रान्झ. गावातला म्हातारा आहे हाउझर. ही नावं फ्रेंच नाहीत, जर्मन वळणाची आहेत. कारण अल्सासमधली बहुसंख्य माणसं घरी फ्रेंच बोलतच नव्हती. त्यांची बोली होती अल्साशियन, म्हणजे जर्मन कुळातली एक बोली. सतराव्या शतकात हा प्रदेश तुकड्यातुकड्याने फ्रान्सकडे आला. स्ट्रासबर्ग शहर १६८१मध्ये चौदाव्या लुईने घेतलं. तरी गावाकडची बोली तीच राहिली. फ्रान्झसारख्या मुलासाठी फ्रेंच ही बहुधा शाळेत भेटणारी भाषा होती आणि म्हणूनच ती त्याला अवघड जात असावी.

दोदे स्वतः दक्षिणेतल्या नीम शहरात जन्मलेला. तिकडची बोली ऑक्सितान. त्या काळात फ्रान्सच्या शाळांमध्ये ऑक्सितान किंवा ब्रेतॉन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात किंवा हातात शिक्षेची खूण म्हणून एखादी वस्तू अडकवायचे. दुसरा कुणी बोली बोलताना सापडला की ती त्याच्याकडे जायची. म्हणजे आमच्या लहानपणी ‘मराठीत बोलल्याबद्दल दंड’ घेणाऱ्या इंग्रजी शाळा होत्या, तसलाच प्रकार. बर्लिनहून हुकूम आला हे खरं, पण पॅरिसहूनही हुकूम येत होतेच.

१८७१च्या तहाने अल्सास आणि लॉरेनचा काही भाग जर्मनीला गेला. जर्मनीचा युक्तिवाद सरळ होता: ही माणसं आमच्या कुळातली भाषा बोलतात, म्हणून ती आमची. फ्रान्सचं उत्तर होतं की भाषा काहीही असो, ती माणसं स्वतःला आमची मानतात. एर्नेस्त रेनाँने १८८२मध्ये पॅरिसच्या सॉरबॉनमध्ये ‘राष्ट्र म्हणजे काय’ या विषयावर व्याख्यान दिलं, त्यामागे हीच जखम होती. या सगळ्यात फ्रान्झला काय वाटतं, ते कुणी विचारलं नव्हतं.

पुढचा हिशेब बोटांवर मोजा. १८७१मध्ये जर्मन. १९१८मध्ये पहिलं महायुद्ध संपलं, पुन्हा फ्रेंच. १९४०मध्ये हिटलरचं सैन्य आलं, पुन्हा जर्मन. १९४४-४५मध्ये परत फ्रेंच. कथेतला फ्रान्झ खराखुरा असता आणि ऐंशीच्या बराच पुढे जगला असता, तर गाव न सोडता त्याचा देश चार वेळा बदलला असता आणि दर वेळी शाळेतला फळा पुसून दुसऱ्या भाषेत लिहिला गेला असता.

यातली सगळ्यात क्रूर खेप १९४०ची. फ्रेंच बोलायला बंदी आली. माणसांची नावं बदलली, रस्त्यांची बदलली, फ्रेंच समजली जाणारी बेरे टोपीसुद्धा चालेनाशी झाली. म्यूलूझ शहरात ‘रानटी माणसाचा रस्ता’ अशा अर्थाच्या नावाचा एक रस्ता आहे. त्याला हिटलरचं नाव दिलं गेलं आणि लोक मनातल्या मनात हसले, असं तिथे अजून सांगतात. पण हसण्यासारखं तेवढंच. १९४२पासून अल्सास आणि मोझेलमधल्या सुमारे १ लाख ३० हजार तरुणांना जर्मन सैन्यात जबरदस्तीने भरती केलं गेलं. त्यातले हजारो रशियन आघाडीवरून परतले नाहीत.

मग १९४५. फ्रान्सने प्राथमिक शाळांतून जर्मन काढून टाकलं. फ्रेंच बोलणं कसं ‘शिक’ आहे, फॅशनेबल आहे, अशी जाहिरात झाली. मैदानात अल्साशियन बोलली म्हणून मुलांना शिक्षा झाल्या. आजीची बोली ही शत्रूची भाषा ठरली. घरोघरच्या आईवडिलांनी मुलांशी ती बोलणं हळूहळू सोडलं. आज तिथल्या तरुण मुलांत ती बोलणारे फार थोडे आहेत.

भाचीला सांगायचं तर दुसऱ्या दिवशी हे झालं. नवीन सर आला, मग तो गेला आणि जुना आला, मग परत नवीन. प्रत्येकाने वर्गात पहिली गोष्ट ही केली की आधीच्याची भाषा बाहेर काढली.

*

इथपर्यंतची कथा दुःखाची आहे आणि आपल्याला ओळखीची आहे. मला नवल वाटलं ते पुढच्या भागाचं.

मोंबेलियार हे फ्रान्समधलं औद्योगिक गाव. १९५०मध्ये तिथले महापौर होते ल्युसियाँ थारादाँ. युद्धात ते नाझींविरुद्धच्या लढ्यात होते, पकडले गेले, बुखेनवाल्डच्या छळछावणीत राहून आले. त्या माणसाने युद्ध संपल्यावर पाचच वर्षांनी लुडविग्सबुर्ग या जर्मन शहराशी मैत्रीचं नातं जोडलं. फ्रेंच आणि जर्मन शहरांमधलं हे पहिलं जुळं नातं. मोंबेलियार शतकानुशतकं व्युर्टेमबर्गच्या सरदार घराण्याकडे होतं आणि लुडविग्सबुर्ग ही त्याच घराण्याची राजधानी, असा जुना धागा होता. पण छावणीतून आलेल्या माणसाला इतिहासातला धागा नाकारायचा असता तर त्याला कुणी दोष दिला नसता.

त्याच लुडविग्सबुर्गमध्ये ९ सप्टेंबर १९६२ला फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल आले. राजवाड्याच्या अंगणात हजारो तरुण जमले होते. द गोल यांनी भाषण जर्मनमधून केलं, कागद हातात न घेता, पाठ करून. त्यांचं जर्मन शाळेतलं होतंच. शिवाय पहिल्या महायुद्धात व्हर्दंच्या लढाईत पकडले गेल्यावर अडीच वर्षांहून जास्त काळ ते जर्मनीत युद्धकैदी होते. त्या तरुणांचे आईबाप ज्याच्याविरुद्ध लढले, तो माणूस त्यांच्या भाषेत त्यांचं अभिनंदन करत होता.

चार महिन्यांनी, २२ जानेवारी १९६३ला, द गोल आणि जर्मन चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी पॅरिसच्या एलिझे राजवाड्यात करारावर सह्या केल्या. त्यात परराष्ट्र धोरण होतं, संरक्षण होतं, आणि शेवटी शिक्षण आणि तरुण. दोन्ही सरकारांनी मान्य केलं की एकमेकांची भाषा येणं महत्त्वाचं आहे. फ्रेंच शिकणारी जर्मन मुलं वाढवायची आणि जर्मन शिकणारी फ्रेंच मुलंही वाढवायची. पदव्यांना परस्पर मान्यता द्यायची. तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी दोघांनी मिळून एक संस्था काढायची आणि तिला दोघांनी पैसे द्यायचे.

करारातला राजकारणाचा भाग लगेचच अडखळला. जर्मन संसदेने मंजुरी देताना स्वतःची प्रस्तावना जोडली आणि अमेरिकेशी, नाटोशी असलेलं नातं पहिलं, असं सुचवलं. द गोल चिडले. करार हे तरुण मुली आणि गुलाबांसारखे असतात, टिकतील तितके टिकतात, असं काहीसं ते वैतागून म्हणाले. आडेनाउअर यांना बागकामाचं, विशेषतः गुलाबांचं वेड. गुलाब हे भलतं चिवट झाड आहे, ते हिवाळा काढतं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिल्याचं सांगतात.

हिवाळा काढला तो शेवटच्या कलमांनी. ५ जुलै १९६३ला फ्रँको-जर्मन युवा कार्यालय सुरू झालं. दोन्ही सरकारं त्याला समान वाटा देतात. आजपर्यंत ९० लाखांहून अधिक तरुण त्याच्या कार्यक्रमांतून दुसऱ्या देशात जाऊन आले आहेत.

*

९० लाख म्हटल्यावर मला आधी समारंभ दिसले, झेंडे, फोटो. पण मुख्य काम फार घरगुती आहे. इकडची शाळा तिकडच्या शाळेशी जोडलेली. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. आधी पत्रं, आता मेसेज. मग बसने किंवा रेल्वेने वर्ग तिकडे जातो, आणि हॉटेलात न उतरता प्रत्येक जण जोडीदाराच्या घरी राहतो. त्याच्या आईच्या हातचं खातो, त्याच्या शाळेत बसतो, रात्री आठवण येऊन रडतो, न्याहारीला काय मागायचं ते शब्द शोधत मागतो. आठ-पंधरा दिवसांनी परत. काही महिन्यांनी तोच जोडीदार आपल्या घरी येतो आणि आता रडायची पाळी त्याची.

मोठ्या मुलांसाठी लांबचे कार्यक्रम आहेत. एकात जवळपास तीन महिने, ‘व्होल्टेअर’ नावाच्या दुसऱ्यात सहा महिने. नियम तोच. जितके दिवस तू त्याच्या घरी, तितके दिवस तो तुझ्या घरी.

या नियमाशी मी बराच वेळ थांबले. १८७१, १९१८, १९४०, १९४५ या चारही वेळा भाषा एकाच दिशेने आली होती. वरून खाली. ज्याने युद्ध जिंकलं त्याची भाषा हरलेल्याच्या मुलाने शिकायची. जिंकणाऱ्याच्या मुलाने काही शिकायचं नव्हतं. १९६३च्या करारात लिहिलं गेलं की दोघांच्याही मुलांनी शिकायचं. व्याकरण तेच, क्रियापदं तीच, चुकाही त्याच. पण समोरचासुद्धा आपल्या भाषेत अडखळतोय हे दिसलं की आपल्या अडखळण्यातला कमीपणा जातो.

पुढे याच पायावर बरंच काही उभं राहिलं. १९९४च्या करारानंतर एकाच वेळी जर्मन आणि फ्रेंच दोन्ही बारावी मिळवून देणारा ‘आबीबाक’ अभ्यासक्रम आला. अल्सासमध्ये १९९०च्या दशकात पालकांनीच पुढाकार घेऊन निम्मा वेळ फ्रेंच आणि निम्मा वेळ जर्मन अशा द्विभाषिक शाळा सुरू केल्या. १९४५नंतर जिथून जर्मन हाकललं होतं, तिथेच. बाकीच्या फ्रान्ससाठी २०००च्या सुमारास ‘डॉइचमोबिल’ निघाल्या. जर्मन तरुण गाडीत खेळ, गाणी, पुस्तकं भरून फ्रेंच शाळांमध्ये जातात आणि मुलांनी भाषेचा विषय निवडायच्या आधी त्यांना एक तासभर जर्मन चाखवतात. २००२पासून जर्मनीत उलट दिशेने ‘फ्रान्समोबिल’ फिरतात. इथेही जोडी आहेच.

आणि एक पुस्तक. करार चाळीस वर्षांचा झाला तेव्हा, जानेवारी २००३मध्ये, बर्लिनला दोन्हीकडच्या सुमारे ५०० मुलांची युवा संसद भरली. त्यांनी मागणी केली की आम्हाला इतिहासाचं एकच पुस्तक द्या. सरकारांनी ती मान्य केली. २००६मध्ये पहिला भाग आला, १९४५नंतरचा काळ. २००८मध्ये दुसरा, १८१५ ते १९४५. २०११मध्ये तिसरा. मजकूर एकच, एक आवृत्ती फ्रेंचमध्ये आणि एक जर्मनमध्ये. जिथे दोन देशांची नजर वेगळी आहे तिथे ती वेगळी आहे असं सरळ नोंदवलेलं. पहिल्या शेवटच्या धड्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती आणि आता फ्रेंच फ्रान्झ आणि जर्मन फ्रान्झ १८७१ची लढाई एकाच पुस्तकातून शिकू शकत होते.

*

इथे थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण भाचीने पुढचा प्रश्न विचारलाच असता: मग आता सगळे एकमेकांच्या भाषा बोलतात का?

नाही. आज फ्रान्समधली साधारण सहा-सात मुलांमागे एक जर्मन शिकते. जर्मनीत फ्रेंचची अवस्था फार वेगळी नाही. इंग्रजीने दोघांनाही मागे टाकलं. फ्रेंच मुलांना इंग्रजीबरोबर स्पॅनिश सोपी वाटते. ते इतिहासाचं पुस्तकही कौतुक होऊन फार थोड्या वर्गांत पोचलं. २०१६मध्ये फ्रान्सने सहावीपासून दोन परकीय भाषा शिकवणारे अनेक वर्ग बंद केले, जर्मनीने नाराजी व्यक्त केली, पुढच्या वर्षी काही परत सुरू झाले. २०२३मध्ये जर्मनीने खर्च कमी करण्यासाठी फ्रान्समधल्या गोएथे संस्थेच्या काही शाखा बंद करायचं जाहीर केलं. त्यात स्ट्रासबर्गही होतं. स्ट्रासबर्ग!

म्हणजे दोन पोरांनी एकमेकांशी मोडक्या इंग्रजीत बोलायचं, इतकंच उरलं का? मी यावर थोडी निराश झाले होते. पण मग उलट बाजूही दिसली. जर्मनीच्या सारलँड राज्याने २०१४मध्ये ठरवलं की २०४३पर्यंत आपलं राज्य फ्रेंच-जर्मन द्विभाषिक करायचं. २०१९मध्ये दोन्ही देशांनी आखेनमध्ये नवा करार केला आणि भाषाशिक्षणाचं वचन पुन्हा दिलं. साठ वर्षं हे असंच चाललंय. गळती होते, कुणीतरी आरडाओरड करतं, कुणीतरी पैसे शोधतं, गाडी पुन्हा शाळेच्या दारात उभी राहते. गुलाब चिवट असेल, पण कुणीतरी दर वर्षी छाटणी करतंय म्हणून तो आहे.

*

आता आपल्याकडे येते, कारण भाचीचा प्रश्न आता माझा झाला होता.

२०११मध्ये केंद्रीय विद्यालय संघटन आणि गोएथे संस्था (आपण जिला मॅक्सम्युलर भवन म्हणतो ती) यांच्यात करार झाला आणि अनेक केंद्रीय विद्यालयांत जर्मन ही तिसरी भाषा म्हणून आली. नोव्हेंबर २०१४मध्ये, शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना, ती काढून संस्कृत आणायचं ठरलं. सुमारे ७० हजार मुलांचा प्रश्न होता. अँगेला मर्केल यांनी ब्रिस्बेनच्या जी-२० परिषदेत पंतप्रधान मोदींकडे तो विषय काढला. शेवटी ऑक्टोबर २०१५मध्ये मर्केल भारतात आल्या तेव्हा एक संयुक्त जाहीरनामा झाला: भारतात परकीय भाषा म्हणून जर्मनला प्रोत्साहन आणि जर्मनीत आधुनिक भारतीय भाषांना प्रोत्साहन. त्या भांडणात ही दुसरी ओळ फारशी कुणी वाचली नाही. मला मात्र तीच महत्त्वाची वाटली.

मराठी शिकणारे जर्मन नसतात असं नाही. हायडेलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोन्थायमर मराठी शिकले, धनगरांबरोबर हिंडले, खंडोबा आणि बिरोबावर त्यांनी केलेलं काम आज आपणच वाचतो. पण तो एका माणसाचा ध्यास. शाळेतल्या पंधरा वर्षांच्या पोराकडून ध्यासाची अपेक्षा करता येत नाही. त्याला जोडीदार लागतो आणि बसचं तिकीट लागतं.

देशातल्या देशातही आपण हे कागदावर लिहिलं होतं. १९६८च्या शिक्षण धोरणातल्या त्रिभाषा सूत्रानुसार हिंदी राज्यांतल्या मुलांनी एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेतली, शिकायची होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तिथे संस्कृत बसलं. तमिळनाडूने दोनच भाषा ठेवल्या. महाराष्ट्रात आपण हिंदी शिकत राहिलो. म्हणूनच १६ एप्रिल २०२५ला पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असा शासन निर्णय आला, जूनमध्ये त्यात बदल झाला, राज्यभर वाद पेटला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले, तेव्हा त्या गदारोळात मी एकच वाक्य शोधत होते. हिंदी चांगली भाषा आहे, मला येते, मी तीत गाणी गुणगुणते. पण आमच्या पहिलीतल्या मुलाच्या बदल्यात लखनौच्या किंवा पाटण्याच्या कुठल्या शाळेत कोण मराठीची बाराखडी गिरवणार, हे निर्णयात कुठे आहे? त्या मुलाने इथे येऊन आठवडाभर पिठलं-भाकरी खावी आणि आमच्याने तिकडे जाऊन लिट्टी-चोखा, याचे पैसे कुणी बाजूला काढलेत?

हे शक्य नाही असं कुणी म्हणालं, की मला बुखेनवाल्डहून परतलेला तो महापौर आठवतो. आपल्यामध्ये तर तसं काही झालेलंही नाही.

भाचीचा पेपर बरा गेला. ‘द लास्ट लेसन’वर प्रश्न आला होता, तिने पाठ केलेलं उत्तर लिहिलं. तेच योग्य होतं, बोर्डाला दीडशे वर्षं नको असतात. सुट्टीत तिने मला विचारलं, कॉलेजमध्ये जर्मन घेऊ की फ्रेंच, कशात मार्क जास्त मिळतात?

मी म्हटलं, आधी हे विचार, की यातल्या कुठल्या भाषेत तुला बोलायला माणूस मिळेल, आणि तू त्याला बदल्यात काय शिकवशील.

"मी?" ती म्हणाली. "मराठी. दुसरं काय येतं मला?"